मधमाशीची ॲलर्जी: जीव वाचल्यानंतरचं जगणं

गच्चीवरची_बाग (मुलुंड)

नमस्कार. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. माशी चावली, दवाखान्यात नेलं, वाचले, इथवरच्या गोष्टी सगळे सांगतात. त्यानंतर घरी आल्यावर रोजचे दिवस कसे जातात यावर कुणी फारसं बोलत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखालचा नळ गळायचा आणि तिथल्या ओलीवर माश्या पाणी प्यायला यायच्या. मी कुंडीतला पुदिना खुडत होते. मनगटावर माशी चावली, एकच. लहानपणी गावाला कितीदा चावल्या असतील. नखाने नांगी काढून टाकली आणि परत पुदिन्याकडे वळले. चार-पाच मिनिटांत तळहात आणि तळपाय खाजायला लागले. कानाच्या पाळ्या तापल्या. वॉचमनदादांना हाक मारायला गेले तर आवाज घोगरा, माझा मलाच ओळखू येईना. आणि पोटातून एक भीती उठली की आता आपलं काही खरं नाही. दोन मजले जिना उतरले आणि आमच्याच दारात कोसळले.

शेजारच्या काकांनी रिक्षात घालून नेलं. ज्या नर्सिंग होममध्ये पोचलो तिथे ॲलर्जीचं इंजेक्शन आणि स्टिरॉईड दिलं आणि "बघू या थोडा वेळ" म्हणाले. माझं बी.पी. लागत नव्हतं. अर्ध्या तासाने दुसरे डॉक्टर आले, त्यांनी आल्या आल्या मांडीत ॲड्रेनलिन दिलं. दोन-तीन मिनिटांत डोळ्यांपुढचा अंधार सरला. तो अर्धा तास मी अजून विसरले नाहीये.

पुढे महिन्याभराने रक्ताची तपासणी झाली, मधमाशीच्या विषाची ॲलर्जी पक्की झाली. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनच्या दोन कुप्या, सिरिंज, सुया लिहून दिल्या, कसं टोचायचं ते दाखवलं. परदेशात मिळतं तसं पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही म्हणाले. मुलीच्या जुन्या स्टीलच्या पेन्सिल-डबीत मी सगळं बसवलंय. कुप्या तपकिरी काचेच्या, करंगळीच्या पेराएवढ्या. फुटू नयेत म्हणून कापसात गुंडाळल्यात. झाकणावर मार्करने मुदत संपण्याची तारीख लिहिली आहे. ती डबी दोन वर्षं माझ्यापासून हातभरसुद्धा लांब गेलेली नाही.

म्हणजे उपचार झाला म्हणायचा. पण मी काय काय सोडलं ते बघा. गच्ची सोडली. कुंड्या खालच्या वहिनींना देऊन टाकल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत हॉलची खिडकी बंद. रसवंतीपाशी उभी राहत नाही, कारण चिपाडांवर माश्या असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फुलबाजारात जायचं हा माझ्या सासूबाईंपासूनचा नेम, तो मोडला. पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधतात, त्या गाठीवर एक माशी येऊन बसली आणि मी मुलीचा हात धरून बेडरूममध्ये पळाले, पूजा तशीच टाकून. आंब्याला मोहोर असताना गावी जात नाही. लेडीज डब्यात एकदा माशी शिरली तर मी मध्येच नाहूरला उतरले.

घरचे म्हणतात, "अगं, आता इंजेक्शन आहे ना जवळ!" आहे. तरी भीती कमी होत नाही, उलट डबी हाताला लागली की आठवण होते. माझ्यातच काही कमी आहे का? ज्यांनी ही ॲलर्जी काढली आहे, ज्यांचे उपचार झाले आहेत, त्यांचं कसं चाललंय ते सांगाल का?

चाळकरी

ताई, काळजी घ्या. आमच्याकडे माशी चावली की चुना लावायचे, नाहीतर लोखंड घासायचे. तासाभरात उतरायचं. एवढं घाबरू नये असं मला वाटतं.

डॉ_गिरगाव

चाळकरी, तुमच्या आजीच्या चुन्याने जी सूज उतरायची ती आपोआपही उतरली असती. चावल्या जागी सूज, लाली, दुखणं हे विषाचं काम आहे आणि ते बहुतेकांना होतं. अख्खा हात सुजला तरी ती स्थानिक प्रतिक्रिया. ताईंना झालं ते ॲनाफिलॅक्सिस. तिथे शरीराची संरक्षणयंत्रणाच उलटते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. त्याला चुना, कांदा, तुळशीची माती यातलं काहीही चालत नाही. औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲलर्जीची गोळी आणि स्टिरॉईड नंतर, त्याच्या जागी कधीच नाही.

गच्चीवरची_बाग, तुम्हाला रिक्षात बसवून नेलं हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कुणाला दोष देत नाही, माहीत नसतं. पण रक्तदाब पडलेल्या माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, जिना उतरवायचा नाही. आडवं झोपवून पाय उंच ठेवायचे. दम लागत असेल तर बसू द्या, पण पाय लांब सोडून. झोपलेला माणूस एकदम उठून बसला आणि तिथेच गेला, असं झालेलं आहे. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, आडवं नेण्यासाठी तिला बोलवा.

तरीही पहिलं इंजेक्शन घरातच का हवं ते सांगतो. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कीटकदंशाच्या मृत्यूंत, चावल्यापासून हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक काळ १५ मिनिटांचा होता. संध्याकाळी सातला एल.बी.एस. मार्गावर १५ मिनिटांत माणूस कुठवर पोचतो ते मुलुंडकरांना मी काय सांगू.

आणि ती "आपलं काही खरं नाही" ही भीती वैद्यकाच्या पुस्तकात लक्षण म्हणून लिहिलेली आहे. तुमचं शरीर खरं बोलत होतं.

वसईची_आई

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गांधीलमाशी चावली होती. अंगभर गांधी उठल्या, बाकी काही नाही. शाळेने सहलीला न्यायला नकार दिला. तेव्हापासून तो मैदानात जात नाही, खिडकीत बसून राहतो. त्यालाही अशीच डबी लागेल का?

डॉ_गिरगाव

ताई, मुलांत नुसत्या कातडीवर गांधी उठल्या असतील तर पुढच्या दंशाला जीवघेणं काही होण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा बरीच कमी असते. डबी हवी की नको हे त्याला तपासणारे ॲलर्जीतज्ज्ञ ठरवतील, ते मी इथून सांगणं बरोबर नाही. एवढं मात्र त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि शाळेला द्या. तोंडी सांगितलेलं शाळा ऐकत नाही, सही-शिक्क्याचं ऐकते. पोराला मैदान परत मिळायला हवं.

नेकारच्या_काठी (मूळ डोंबिवली, सध्या श्टुटगार्ट)

गच्चीवरची_बाग, तुमचं वाचून मला माझी सात वर्षांपूर्वीची बाल्कनी आठवली. इथे ऑगस्टमध्ये प्लमचा केक बाहेर टेबलावर ठेवला की पिवळ्या-काळ्या गांधीलमाश्या येतातच. मला ओठाला चावली. पुढचं तुमच्यासारखंच, फक्त माझ्या नशिबाने रुग्णवाहिका दारात होती.

मग विषाची इम्युनोथेरपी सुरू झाली. ज्या विषाची ॲलर्जी, तेच विष अतिशय थोडं-थोडं टोचून शरीराला सवय लावायची. सुरुवातीला मला काही दिवस रुग्णालयात ठेवून मात्रा भराभर वाढवली. शेवटी १०० मायक्रोग्रॅमवर आणतात. मधमाशीच्या एका दंशातून साधारण ५० मायक्रोग्रॅम विष जातं, म्हणजे ही दोन माश्यांइतकी मात्रा झाली. त्यानंतर दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, पुढे सहा आठवड्यांनी. प्रत्येक वेळी टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. पाच वर्षं हे केलं. पहिल्या महिन्यांत दंड सुजायचा, एकदा अंगाला खाज सुटली, ऑफिसातून सुट्ट्या गेल्या. सोपं होतं असं म्हणणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. उपचार सुरू होऊन वर्ष झालं तरी मी बाल्कनीत बसत नव्हतो. आकडे पाठ होते, गांधीलमाशीच्या बाबतीत दहातल्या नऊहून जास्त जणांना संरक्षण मिळतं, मधमाशीच्या बाबतीत दहातल्या आठांच्या आसपास. आकड्यांनी पाय हलेना. मग डॉक्टरांनी दंश-चाचणी करायचं ठरवलं. रुग्णालयात, हाताला सलाइन लावून, मॉनिटर लावून, शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवून, एक जिवंत गांधीलमाशी छोट्या पारदर्शक डबीत घालून माझ्या हातावर उपडी धरली. ती चावेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तास वाटला. चावली. मी घड्याळाकडे बघत बसलो. पाच मिनिटं, दहा, वीस. रुपयाएवढी सूज आली आणि थोडं दुखलं. बस्. मी रडलो. नर्सबाईंनी काही न बोलता पाण्याचा ग्लास हातात दिला.

त्या संध्याकाळी घरी येऊन बाल्कनीचं दार उघडलं आणि बायकोला म्हटलं, चहा बाहेर पिऊ. दंश-चाचणी सहन झालेल्या माणसांचं जगणं सुधारतं हे अभ्यासातही दिसलंय, पण मला ते त्या चहाने कळलं.

गच्चीवरची_बाग

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नवऱ्याला वाचून दाखवला. हे औषध मुंबईत मिळेल का? खर्च करायची तयारी आहे.

डॉ_गिरगाव

खरं ते सांगतो. विषाचं प्रमाणित औषध आपल्याकडे सहज उपलब्ध नाही. मोठ्या रुग्णालयातल्या ॲलर्जी विभागात विचारा, आयातीचा मार्ग आहे का ते त्यांना कळेल. आणखी एक, बाहेरचं मधमाशीचं औषध एपिस मेलिफेरा या युरोपीय माशीच्या विषाचं असतं. आपल्याकडची सातेरी आणि आग्या या तिच्या जवळच्या बहिणी, पण वेगळ्या. तुम्हाला कोणती चावली आणि ते औषध तुमच्यासाठी कितपत उपयोगी, हे तज्ज्ञाशी बोलूनच ठरवा.

एक इशारा द्यायलाच हवा. कुणी "किड्याच्या ॲलर्जीची लस" देऊ केली तर आधी विचारा, ही विषाची आहे की किड्याच्या अख्ख्या शरीराच्या अर्काची? कित्येक दशकं जगभर अख्ख्या शरीराचा अर्क टोचत असत. १९७८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी विष, शरीराचा अर्क आणि नुसतं औषधाविना पाणी अशी तुलना केली. विषाने संरक्षण मिळालं. अर्क त्या पाण्याहून सरस ठरला नाही. जुन्या चुकीवर पैसे आणि महत्त्वाची वर्षं घालवू नका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, जे देण्यासाठी मी खरं तर लॉगिन केलं. "माझ्यातच काही कमी आहे का?" नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी गांधीलमाशीच्या ॲलर्जीसाठी एक प्रश्नावली तयार केली. बागेत बसता का, बाहेर खाता का, किती सावध राहावं लागतं, असले प्रश्न. मग रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला विषाची इम्युनोथेरपी, दुसऱ्याला फक्त ॲड्रेनलिनचं पेन. २००२ साली निष्कर्ष आले. पहिल्या गटाचं जगणं स्पष्टपणे सुधारलं. पेन घेऊन फिरणाऱ्यांचं सुधारलं तर नाहीच, थोडं खालावलं. म्हणजे तुम्ही जे लिहिलंत, "डबी हाताला लागली की आठवण होते", ते तिकडच्या लोकांनीही वेगळ्या भाषेत सांगितलं होतं. पेन जीव वाचवतं, म्हणून ते हवंच. भीती काढणं हे त्याचं काम नाही, त्यासाठी वेगळं काही करावं लागतं, आणि आपण डॉक्टर लोक त्याबद्दल रुग्णाशी बोलत नाही ही आमची चूक आहे.

पायरीवरून_खाली

माझा अनुभव थोडा उलट आहे, म्हणून लिहितो. किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं, मला तिसाच्या वर चावल्या, वाचलो. मला डबी मिळाल्यावर हायसं वाटलं. त्याआधी मी नुसता वाट बघत होतो, पुढच्या वेळी मरणार याची. डबी मिळाली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातात काहीतरी आहे. ट्रेक सोडले, ते सोडलेच. पण ऑफिसला जातो, झाडाखाली बसतो.

आग्यामोहोळ (बोरीवली)

मी डॉक्टर नाही. वीस वर्षं माश्यांचं निरीक्षण करतो, नॅशनल पार्कच्या कडेला राहतो. माझ्याकडून जे देता येईल ते देतो. ताई, भीती सगळ्या उडणाऱ्या जिवांची बसली की माणूस घरात कोंडतो. ओळख झाली की भीतीला कुंपण पडतं.

आपल्या इमारतींच्या छज्ज्यांखाली मोठं उघडं, अर्धचंद्रासारखं लोंबणारं पोळं असतं ते आग्या माशीचं. ही सर्वांत तापट, आणि हिच्यापासून खरोखर लांब राहायचं. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीत राहते ती सातेरी, बरीच शांत. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं, ती फुलोरी. कागदासारख्या करड्या घराची, बारीक कमरेची, ती गांधीलमाशी. तिची नांगी तुटत नाही, पुन्हा पुन्हा चावते. मधमाशीची नांगी काटेरी, ती विषाच्या पिशवीसकट आपल्या कातडीत राहते आणि पिशवी नंतरही विष ढकलत राहते. म्हणून नखाने, कार्डाने, कशानेही काढा, पण लगेच काढा. तुम्ही नखाने काढलीत ते योग्यच केलंत.

रसवंतीवरची, फुलबाजारातली माशी पोटापाण्याच्या कामावर आलेली असते. हाताखाली किंवा पायाखाली सापडली तरच चावते. पोळ्याजवळची माशी वेगळी, ती घर राखत असते. एक माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं असतो. तसा वास आला तर हात न झटकता तिथून निघा. आणि रात्री बाल्कनीच्या ट्यूबलाइटवर येणाऱ्या बहुधा आग्याच असतात, चांदण्यात उडतात आणि दिव्याला भुलतात. सकाळी त्या लादीवर अर्धमेल्या पडलेल्या असतात. अनवाणी पाय पडला की चावतात. गच्चीवर बंद चप्पल आणि संध्याकाळी बाल्कनीचा दिवा बंद, एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो.

शिवाय, गच्चीवरचा तो गळका नळ दुरुस्त करून घ्या. उन्हाळ्यात माशीला पाणी लागतंच. टाकीपासून दूर, गच्चीच्या टोकाला परातीत खडे टाकून पाणी ठेवलंत तर ती तिकडे जाईल. पोळं जाळायला मात्र कुणाला बोलावू नका. जाळलेल्या पोळ्याच्या पिसाळलेल्या माश्या शेजारच्या इमारतीत शिरतात.

वसईची_आई

आग्यामोहोळदादा, तुमचं हे सगळं मुलाला वाचून दाखवलं. त्याने वहीत चारही पोळ्यांची चित्रं काढली आणि आज खाली जाऊन कंपाऊंडमध्ये शोधून आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून खाली गेला. बाकी काही लिहिता येत नाहीये.

चाळकरी

ताई, माझ्या वरच्या प्रतिसादाबद्दल माफ करा. मला हे काहीच माहीत नव्हतं. आमच्या चाळीत ४८ बिऱ्हाडं आहेत, एकालाही ॲड्रेनलिन म्हणजे काय ते सांगता येणार नाही.

गच्चीवरची_बाग

माफी कसली हो. मलाही दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं.

मधल्या काळात काय झालं ते लिहिते. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की डबी माझ्याजवळ असली तरी ती उघडणारं माणूस मी एकटीच आहे. बेशुद्ध पडले तर? खरी भीती ती होती. तिला इतके दिवस माशीचं नाव देत होते.

म्हणून माझ्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि नवरा, मुलगी दोघांना बरोबर नेलं. मुदत संपलेल्या कुप्या मी टाकल्या नव्हत्या, त्या कामी आल्या. कुपीवर टिचकी मारून औषध खाली आणायचं, ठिपका असतो ती बाजू धरून मान मोडायची, ०.५ मिली भरायचं (हे माझ्यासाठी लिहून दिलेलं माप आहे, कृपया तुमचं तुम्ही विचारा), बुडबुडा काढायचा आणि सरळ मोसंब्यात टोचायचं. मोसंब्याची साल मांडीसारखी लागते म्हणाले. मुलगी नववीत आहे. पहिल्या दोन वेळा तिचा हात थरथरला, तिसऱ्या वेळी ४० सेकंदांत झालं. तिने घड्याळ लावलं होतं. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, आता तू मला सांगू नकोस, मला येतं." त्या रात्री मी डबी उशाखाली न ठेवता कपाटावर ठेवून झोपले.

वॉचमनदादांना आडवं झोपवणं आणि १०८ एवढं शिकवलंय. नळ दुरुस्त झाला. परवा संध्याकाळी बंद बूट घालून गच्चीवर गेले, दहा मिनिटं उभी राहिले. एक माशी कठड्यावरून गेली. सातेरी असावी, बारीक होती. मी जागची हलले नाही, छाती धडधडत होती तरी. वहिनींकडून पुदिन्याची एक कुंडी परत आणली आहे. बाकीच्या अजून नाही.

औषधाचं विचारायला परळच्या एका रुग्णालयात पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. काय म्हणतात ते इथे लिहीन.

डॉ_गिरगाव

उत्तम. तिथे जाताना एक सांगा, ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी करायची का ते विचारा. काही जणांत ॲनाफिलॅक्सिस जास्त गंभीर का होतो याचं उत्तर तिच्यात मिळतं. बी.पी.च्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पट्टीही न्या, काही गोळ्यांनी ॲड्रेनलिनचा असर कमी होतो.

जाता जाता, जुहूला पावसाळ्यात निळी जेलीफिशसारखी फुगेवाली "ब्लू बॉटल" वाहून येते ना? तशाच जीवाच्या विषाचा अभ्यास करायला १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर रिशे आणि पोर्तिए हे दोघे शास्त्रज्ञ गेले होते. तिथून सुरू झालेल्या कामातून १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस हा शब्द आला आणि रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. लेकीला सांगा, तिला आवडेल.

चाळकरी

ताई, एक विनंती. आमच्या चाळीत एक आजोबा आहेत, त्यांना गांधीलमाशीचं असंच झालं होतं. त्यांच्याकडेही कुप्या आहेत म्हणे, पण सुनेला टोचता येत नाही. डॉक्टरसाहेब, तुम्ही गिरगावातच आहात. येत्या रविवारी तासभर वेळ देऊ शकाल का?

डॉ_गिरगाव

रविवारी ११ वाजता येतो. आजोबांना त्यांच्या डॉक्टरांचा कागद शोधून ठेवायला सांगा, डोस त्यावरूनच. आणि कुप्यांचा रंग बघा. पाण्यासारखं स्वच्छ हवं, गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर ती वापरायची नाही.

गच्चीवरची_बाग

मी मुलीला घेऊन येते, सीएसएमटीला उतरून चालत. दादरला उतरून फुलबाजारात पाच मिनिटं थांबायचा विचार आहे, बघू जमतं का. मोसंबी मी आणते.